फरशीला घाम फुटतो तेव्हा

मृग लागतो आणि आंबोलीच्या बाजूने ढग उतरू लागतात, त्या आठवड्यात संकेश्वरातल्या बऱ्याच घरांत एकच गोष्ट दिसते. पाऊस अजून दारात आलेला नसतो, छपराला गळती नसते, तरी गाडीच्या शेडमधला कोबा सकाळी ओला दिसतो. हात फिरवला तर तळव्याला पाणी लागतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘फरशीला घाम फुटला, आता पाऊस आलाच.’

आमच्या शेडला असाच घाम फुटायच्या दिवसांत आम्ही इपॉक्सीचा रंग लावून घेतला होता. नवा कोबा घालून दीड महिना झाला होता. ‘अठ्ठावीस दिवस झाले की कोबा सेट झाला, मग काय बी लावा,’ असं मेस्त्रींनी सांगितलं आणि आम्हालाही पावसाआधी काम उरकायचं होतं. राखाडी रंग आरशासारखा चमकला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात फुगे आले, हरभऱ्याएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. एक फुगा खिळ्याच्या टोकाने फोडला तर आतून पाणी उडालं, आणि ते बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं. वरून पाणी पडायला जागाच नव्हती. ते खालून आलं होतं.

तेव्हापासून या रंगाबद्दल मिळेल ते वाचत आणि विचारत गेलो. माझं मत आता पक्कं झालं आहे. गॅरेजवाले काळजी करतात ती ऑइलची, डिझेलची, जॅक आपटण्याची. इपॉक्सी हे सगळं सोसते. आपल्या हवेत ती हरते ती पाण्यापुढे, आणि हे पाणी रंगाचा डबा उघडण्याआधीच कोब्यात नाहीतर हवेत येऊन बसलेलं असतं.

इपॉक्सी आपल्याला परकी नाही. नळाचा सांधा गळायला लागला की दोन रंगांचे गोळे मळून आपण जे एम-सील लावतो, ती इपॉक्सीच. अराल्डाइटच्या दोन ट्यूबा म्हणजेही इपॉक्सीच. या कुळाचा उगम मात्र फरशीपासून फार दूर, दातांच्या कवळीत आहे. स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तान कवळ्यांसाठी न आकसणारा पदार्थ शोधत होते. १९३८ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कवळीचा धंदा काही जमला नाही. सीबा कंपनीने ते हक्क घेतले आणि १९४६ मध्ये अराल्डाइट हा डिंक बाजारात आणला. त्याच दशकात अमेरिकेतल्या एका रंग कंपनीत सिल्व्हन ग्रीनली यांनी याच जातीच्या राळेपासून रंग आणि लेप तयार केले. सिडनीच्या ऑपेरा हाउसची काँक्रीटची शिडं ज्या तुकड्यांनी बनली, तेही इपॉक्सीनेच एकमेकांना जोडलेले आहेत.

हिची ताकद एका छोट्या कड्यात आहे. राळेच्या रेणूच्या टोकाला दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं त्रिकोणी कडं असतं. कार्बनला आपले बंध साधारण १०९ अंशांच्या कोनात पसरून ठेवायला आवडतात, इथे ते ६० अंशांत कोंबलेले असतात. ओढून धरलेल्या धनुष्यासारखं हे कडं सुटायला टपलेलं असतं. राळेत कालवतात तो हार्डनर म्हणजे बहुतेक वेळा अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेलं संयुग. त्यातला नायट्रोजन कडं उघडतो आणि स्वतः तिथे जोडला जातो. एक अमाइन अनेक कडी उघडतं, साखळ्या आडव्या-उभ्या गुंफल्या जातात आणि डब्यातल्या पातळ रसाचं एक सलग जाळं बनतं. म्हणून ‘थोडा जास्त हार्डनर घाला, लवकर वाळेल’ हा सल्ला चुकीचा आहे. जितकी कडी तितकेच अमाइनचे हात लागतात. उरलेले हात मोकळे राहतात आणि पुढे हेच मोकळे हात पाणी ओढतात.

आता जूनच्या हवेत हा रंग लावला की काय होतं ते पाहा. अमाइनला कड्यांइतकीच हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइडही आवडतो. हवा दमट असली की पृष्ठभागावरचं अमाइन राळेशी जुळण्याआधी या दोघांशी जुळतं आणि रंगावर पांढुरकी, तुपकट साय धरते. ओल्या फडक्याने पुसली तर ती निघते, पण दिसली तर. न पुसता दुसरा हात मारला की दोन थरांमध्ये एक चिकट पदर कायमचा राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत वरचा थर पापडासारखा सुटतो.

या कामात दवबिंदू हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. एप्रिलमध्ये दुपारी हवा ३६ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर दवबिंदू १६ अंशांच्या जवळ येतो. फरशी तेवढी गार होणं शक्यच नाही. जुलैत हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर दवबिंदू २३ च्या वर असतो आणि शेडमधला कोबा नेमका तेवढाच गार असतो. फरशीचा घाम तो हाच. नियम असा की फरशी दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवी आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. आमचं काम झालं त्या सकाळी कोणी थर्मामीटर काढला नव्हता. कोबा डोळ्यांना कोरडा दिसत होता, एवढंच आम्ही पाहिलं. निपाणीच्या वखारीतलं तंबाखूचं पान हातात घेतलं की ते चुरतं की वाकतं यावरून हवेतली ओल कळते. कोबा असं काही सांगत नाही.

दुसरं पाणी कोब्याच्या पोटातलं. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पडतं, साइटवर सहसा त्याहून जास्त. सिमेंट रासायनिक रीतीने बांधून घेतं ते त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग, म्हणजे बारा-साडेबारा लिटर. बाकीचं पाणी कालवायला, थापायला सोपं जावं म्हणून घातलेलं असतं आणि ते बारीक छिद्रांत अडकून राहतं. अठ्ठावीस दिवसांचा आकडा आहे ताकदीचा. वाळण्याशी त्याचा संबंध नाही. वाळण्याचा अंदाज वेगळा, इंचभर जाडीला एक महिना, तोही वर कोरडी हवा असेल आणि खालून ओल येत नसेल तर. चार इंच कोब्याला चार महिने लागतात, आणि पावसाळ्याचे महिने त्यात धरायचेच नाहीत. मेस्त्रींनी पिढीजात नियम सांगितला होता आणि गाडी उभी करायला तो बरोबरच होता. रंग लावायला तो पुरत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

तिसरं पाणी जमिनीचं, आणि हिरण्यकेशीच्या काठावरच्या गावात ते विसरून चालत नाही. आंबोलीच्या डोंगरातून ही नदी आजरा, गडहिंग्लज करत आपल्यापर्यंत येते. तिच्या काठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. मुरूम आणि सोलिंगवर कोबा घालताना मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरला नसेल, तर ओल छिद्राछिद्रातून वर चढत राहते, जशी वात तेल वर ओढते. उघड्या कोब्यात हे कळत नाही, कारण वर आलेली वाफ हवेत निघून जाते. इपॉक्सीने झाकण लावलं की वाफेची वाट बंद होते. झाकणाखाली सिमेंटचे क्षार साठतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं. हे क्षारही खालचं पाणी तसंच स्वतःकडे ओढून घेतात. फुगा येतो तो असा, आणि आतलं पाणी बुळबुळीत लागतं ते सिमेंटच्या अल्कलीमुळे.

झाकणाखाली ओल राहिली की काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर मिळाला. खारं पाणी, उकाडा आणि दमट हवा असलेल्या त्या बेटांवर १९८० च्या सुमारास नवे पूल बांधले. त्यांतल्या लोखंडी सळ्यांना गंज लागू नये म्हणून इपॉक्सीचा लेप दिलेला होता. १९८६ मध्येच तिथल्या खांबांत गंज सापडला. ओल्या काँक्रीटमध्ये लेपाची सळीवरची पकड गेली होती आणि लेपाच्या आड गंज पसरत होता.

आपल्या जुन्या जमिनींना हा त्रास नव्हता. शेणाने सारवलेली जमीन ओल येऊ देत होती आणि जाऊही देत होती. शहाबादी फरशीच्या दर्जांतून वाफ निघून जायची. पावसाळ्यात घर ओलसर वाटायचं, पण पोपडे उडायचे नाहीत. मी जुन्याकडे परत चला असं म्हणत नाही. ट्रकचा गिअरबॉक्स खोलून ठेवायला सारवलेली जमीन चालत नाही, आणि ऑइल प्यालेला कोबा धुतला तरी काळाच राहतो. हायवेकाठच्या गॅरेजला इपॉक्सीची खरी गरज आहे. म्हणूनच ती नीट लागली पाहिजे असं मला वाटतं.

पाण्यातून सुटलो तरी उन्हाळा आहे. राळ आणि हार्डनर जुळताना उष्णता निघते आणि डब्यात ती कोंडते. २५ अंशांना ४० मिनिटं टिकणारं मिश्रण ३५ अंशांना वीस मिनिटांतच घट्ट होऊ लागतं. जाणते कारागीर कालवल्याबरोबर सगळं मिश्रण फरशीवर ओतून मग पसरतात. पसरलं की ते थंड राहतं. शिवाय सकाळी फरशी तापत जाते तशी छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या रंगात बारीक भोकं पाडते. म्हणून पहिला हात दुपार कलताना, फरशीचं तापमान उतरू लागलं की मारायचा. पण फार उशीर केला तर रात्रीचं दहिवर गाठतं. हाताशी असतात ते दोन-तीन तासच.

टायरचाही प्रश्न आहे. साध्या हवेत सुकलेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना काचेसारखी कडक न राहता चामड्यासारखी मऊ होते. बेळगावहून एप्रिलच्या दुपारी भरधाव आलेल्या गाडीचं टायर याहून तापलेलं असू शकतं. ते मऊ रंगावर दाबून बसतं, थंड होताना आकसतं आणि पकड कच्ची असलेला रंग सोबत उचलतं. रंग लावल्यावर आठवडाभर गाडी आत न आणणं म्हणूनच गरजेचं आहे. शटरच्या तोंडाशी ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळी पडून तिची भुकटी होते. तेवढ्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा वरचा हात द्यावा.

पकड कशावर ठरते? कोबा घोटताना वर येणारी सिमेंटची साय गुळगुळीत आणि कमजोर असते. ती ग्राइंडरने खरवडून खालचे वाळूचे कण उघडे पाडावे लागतात. हे धुळीचं, कंटाळवाणं काम आहे, आणि अंदाजपत्रकातून सर्वांत आधी तेच कापलं जातं. नीट पकडलेल्या इपॉक्सीला उपटायला दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोहून जास्त ओढ लागते. तेव्हा रंग सुटत नाही, त्याच्याबरोबर कोब्याचा तुकडा निघतो. हातमोज्यांशिवाय हे काम कोणाकडूनही करून घेऊ नये. अमाइनने त्वचेला एकदा ॲलर्जी धरली की ती आयुष्यभर सोडत नाही.

ओल तपासायला महागडं यंत्र नसलं तरी एक चाचणी घरात होते. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारी कडा टेपने बंद करायच्या आणि किमान १६ तासांनी उचलून पाहायचं. आत थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर थांबायचं. आपल्याकडे काम करायचं ते तुळशीच्या लग्नानंतर आणि शिमग्याच्या आत. खालून ओल येणारच असेल, तर सिमेंट मिसळलेला ओल सोसणारा इपॉक्सी प्राइमर आधी लावता येतो. त्याने खर्च वाढतो, पण दोनदा रंगवण्यापेक्षा तो कमीच.

गेल्या माघात आम्ही जुना रंग खरवडून काढला आणि शेडमध्ये पाच ठिकाणी प्लास्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार कोरडी निघाली. पाचवं, मागच्या भिंतीकडचं, आतून धुरकटलं होतं. छपराचं पाणी त्याच भिंतीलगत पडतं. पन्हळ बसवून ते लांब सोडलं आहे. बाकीची शेड रंगवली, त्या कोपऱ्यात तीन फूट अजून उघडा कोबाच आहे. पुढच्या माघात तिथे परत प्लास्टिक लावणार आहे.