दान आणि भेट : गोधडीच्या निमित्ताने

गोधडीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा मायेच्या अंगाने. आजीचे लुगडे, त्याची ऊब, त्याचा वास. हे सारे खरे आहे, पण अर्धे आहे. गोधडीचे कापड घरात कोणत्या वाटेने आले आणि शिवून झाल्यावर ती कोणाच्या हाती, कोणत्या नात्याने गेली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिचा सामाजिक अर्थ लागत नाही.

पहिला प्रश्न कापडाचा. शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. चांडाळाने तर प्रेतावरची वस्त्रेच अंगावर घालावीत, असे त्याच अध्यायात आहे. हा नियम पोथीत राहिला नाही. गावगाड्यात प्रेतावरचे कापड महाराच्या वाट्याला येई, आणि त्याला नाव होते ‘हक्क’! सणासुदीला वाड्यावरून उतरलेले लुगडे, विटलेले धोतर वरून ओंजळीत टाकले जाई. घेणाऱ्याने ते घ्यायचे आणि वर जोहार घालायचा. म्हणजे फाटके कापड ही केवळ गरिबीची खूण नव्हती, ती जातीची पायरी दाखवणारी खूण होती.

1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत उष्टे अन्न आणि मृतमांस सोडण्याची हाक दिली गेली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. त्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब बोलले ते राहणीविषयी, वस्त्रांविषयी. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावेत, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या एका वाक्यात फार मोठा विवेक आहे. बाबासाहेबांनी ठिगळाची लाज बाळगायला सांगितले नाही. त्यांनी लाचारी सोडायला सांगितली. ठिगळ आपल्या हाताने लावलेले असते; उतरलेले कापड मात्र दुसऱ्याने आपली जागा दाखवून दिलेले असते.

इथे दान आणि भेट यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. दान देणारा आपल्याला नको असलेले देतो. घेणाऱ्याचे माप तो पाहत नाही आणि त्याच्याकडून काही परत घेण्याची कल्पनाही त्याला सहन होत नाही. भेटीचे तसे नाही. भेट देताना घेणाऱ्याचा विचार आधी करावा लागतो, त्यासाठी श्रम करावे लागतात, आणि उद्या त्याच्याकडूनही आपण काही घेऊ हे दोघांनी गृहीत धरलेले असते. दान उतरंडीवरून खाली येते. भेट समान पातळीवर राहणाऱ्यांतच होऊ शकते. मैत्रिणीच्या बाळंतपणात दिलेले दुपटे, वसतिगृहात शिकायला निघालेल्या मित्राच्या वळकटीत घातलेली गोधडी, ही अशी भेट आहे.

आता तिच्या घडणीकडे पाहू. गोधडीला जुने सुती कापड लागते. वापरून मऊ झालेल्या सुतातून सुई सहज जाते, ते घाम शोषते आणि थरांमध्ये हवा धरून ठेवते. ऊब येते ती या थरांमुळे. नायलॉन, टेरिलीन निसरडे असते. ते सुताबरोबर बसत नाही. शिंप्याकडची नवी कात्रणे घ्यायची तर आधी पाण्यातून काढावीत, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटतात आणि गोधडीला चुण्या पडतात. सारे कापड धुऊन वाळवावे. खालचे अस्तर सारवलेल्या किंवा स्वच्छ जमिनीवर ताणून पसरावे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर फाटक्या तुकड्यांचे थर असे लावावेत की कुठे उंचवटा नको, कुठे पोकळी नको. अगदी झिजलेला तुकडा मध्ये जातो, धड असलेला वर येतो. वरचे कापड घालून आधी लांब कच्चे टाके मारायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत चौकटीत चौकट करीत मध्यापर्यंत यायचे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. दोघी-तिघी चारी बाजूंनी बसल्या तर काम लवकर सरते, बोलणेही होते. प्रत्येकीने आपल्या घरचा एकेक तुकडा आणला की ती गोधडी एकीची राहत नाही.

हा अनुभव आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड ही गुलामांच्या वंशजांची वस्ती आहे. तिथल्या काळ्या स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 1942 साली मिसूरी पेटवे या स्त्रीने वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. मतदानाच्या हक्कासाठी ही माणसे उभी राहू लागली त्या काळात, 1962 मध्ये, नदीपलीकडच्या गावी नेणारी त्यांची नाव बंद झाली. ती 2006 पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. 1966 मध्ये त्या परिसरातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. 2002 पासून जीज बेंडच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. ब्लॅक पँथर पक्ष 1966 चा, आणि त्याच्या नावावरून आपल्याकडे 1972 साली दलित पँथर उभी राहिली. हे नाते आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळात सुईदोऱ्याने झालेल्या या संघटनेचीही नोंद आपण घेतली पाहिजे.

आज गोधडी शहरातल्या दुकानांत शोभेची वस्तू म्हणून विकली जाते. विकू नये असे कोणी म्हणणार नाही; श्रमाला दाम मिळालाच पाहिजे. पण टाके घालणाऱ्या बाईच्या पदरात त्या किमतीतले किती पडते आणि गोधडीवर नाव कोणाचे लागते, हे कार्यकर्त्यांनी विचारायला हवे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आणखी एक काम करावे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडून ही विद्या शिकून घ्यावी, कोणता तुकडा कुठून आला ते विचारून लिहून ठेवावे. ज्या घरात कधी उतरलेले कापड येत होते, त्या घराच्या इतिहासाचे ते साधन आहे. आणि एखादी गोधडी स्वतः शिवून मित्राला द्यावी. ज्यांच्या ओंजळीत पिढ्यान् पिढ्या फक्त टाकले गेले, त्यांनी आपल्या बरोबरीच्या माणसाला आपल्या हातचे काही देणे, हा समतेचाच व्यवहार आहे.