मोटारसायकलचा टायर घरच्या घरी बदला



मोटारसायकल हे आता शेतकऱ्याच्या घरातले एक औतच झाले आहे. पहाटे डेअरीला दुधाचे कॅन, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी शाळेतून येणारी मुलगी आणि वेळ पडली तर अपरात्री दवाखान्याची वाट, ही सगळी कामे याच गाडीवर होतात. हंगामापूर्वी नांगराचा फाळ पाजवून आणायला आपण विसरत नाही. मोटारसायकलच्या टायरकडे मात्र तो पंक्चर झाल्याशिवाय कोणी वाकून पाहत नाही.

कामानिमित्त गावोगावी फिरताना मी पाराजवळ उभ्या असलेल्या गाड्यांची चाके पाहतो. मागच्या टायरची नक्षी पार गुळगुळीत झालेली, कडेला भेगा पडलेल्या, आणि त्याच गाडीवर नवरा, बायको, मूल आणि पिशव्या. ‘टायर का बदलत नाही?’ असे विचारले तर पैशाची अडचण सांगणारे थोडे. ‘तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो, काढणी झाली की बघू,’ असे सांगणारे जास्त. काढणी होते, दुसरे काम निघते, आणि गुळगुळीत टायर मृगाच्या पहिल्या पावसातल्या चिखलात रस्त्यावर येतो. हे काम घरी करता आले तर ते वेळेवर होते. स्पोकचे चाक, ट्यूब आणि ड्रम ब्रेक असलेल्या साध्या गाडीचा टायर घरचा कोणीही धडधाकट माणूस, मुलगा असो वा मुलगी, बदलू शकतो. त्याची रीत आज पाहू.

टायर केव्हा बदलावा?

टायरच्या कडेवर ‘टीडब्ल्यूआय’ ही इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. नक्षी शिल्लक असली तरी कडेला खोल भेगा, फुगवटा किंवा आतील धागे दिसत असतील तर वाट पाहू नये. तुरीच्या आणि कपाशीच्या धसकटांतून रोज जाणाऱ्या गाडीचा टायर बाजूने फाटतो. असे चिरलेले ठिकाण आतून ठिगळ लावून चालवू नये.

नवा टायर घेताना

जुन्या टायरवरचा आकडा कागदावर लिहून न्यावा. ‘२.७५-१८’ म्हणजे सुमारे पावणेतीन इंच रुंदीचा आणि १८ इंची रिंगवर बसणारा टायर. ‘८०/१००-१८’ असे असेल तर रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिंग १८ इंची. जाड दिसतो म्हणून दुसऱ्या मापाचा टायर घेऊ नये. तो चेनला किंवा मडगार्डला घासतो. आयएसआय चिन्ह पाहावे. कडेवर एका चौकटीत चार आकडे असतात, ती टायरची जन्मतारीख. ‘३२२४’ असेल तर तो २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला आहे. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण वाचतो, तशीच ही वाचावी. टायरबरोबर त्याच मापाची नवी ट्यूबही घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि ती त्या घडीवर फाटते.

लागणारे साहित्य

आसाच्या नटाला नेमके बसणारे पाने, पक्कड, गोल कडांच्या दोन किंवा तीन टायर लिव्हर, व्हॉल्वची पिन काढायची चावी, हवेचा पंप, साबणाचे पाणी, फडके, जुनी गोणपाटे आणि एक नवी स्प्लिट पिन. लिव्हरऐवजी पेचकस किंवा विळ्याची मूठ वापरू नये. त्यांच्या टोकाने ट्यूब हमखास फाटते. टायर घसरावा म्हणून ग्रीस, ऑईल किंवा डिझेल लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने रबर कुजते. साबणाचे पाणीच वापरावे.

मागचे चाक काढणे

गाडी घट्ट, सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी आणि न्यूट्रलमध्ये ठेवावी. जमीन भुसभुशीत असेल तर स्टँडखाली फळी घालावी. एका माणसाने गाडी धरून ठेवावी. सायलेन्सर गार झाल्याशिवाय हात घालू नये.

प्रथम ब्रेकच्या सळईचा नट काढावा. मग ब्रेकचे झाकण चेसीला जखडून ठेवणारी दांडी सोडवावी. तिच्या नटात स्प्लिट पिन असेल ती आधी काढावी. चेन ताणण्याचे दोन्ही बाजूंचे नट सैल करावेत आणि शेवटी आसाचा नट काढावा. अनेक १०० सीसीच्या गाड्यांत चेनच्या बाजूला एक लहान आणि एक मोठा नट असतो. लहान नट आसाचा. मोठ्या नटाला हात लावू नये, म्हणजे चेनचे दातेरी चाक चेनसह जागेवरच राहते. आस ओढून काढताना बाजूचे बुश खाली पडते. ते कोणत्या बाजूचे, कोणते तोंड आत, हे पाहून गोणपाटावर क्रमाने मांडावे. मुलांना नटबोल्ट मांडायला बसवावे. त्यांना ते आवडते आणि एकही वस्तू हरवत नाही.

गाडी थोडी कलती धरली की चाक बाहेर येते. ब्रेकच्या झाकणात साचलेली काळी धूळ तोंडाने फुंकू नये. ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसावी.

टायर काढण्याचे मर्म

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो आणि गार झाली की ती आवळून बसते. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार असते. ती ना तापवून वाढते, ना ओढून. मग रिंगच्या काठावरून ती बाहेर येते कशी? रिंगचा मधला भाग खोलगट असतो. एका बाजूची कड त्या खोलगट भागात दाबून बसवली की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते. सगळी युक्ती एवढीच आहे. टायर निघत नाही म्हणून जो लिव्हरवर उभा राहतो, त्याने समोरची कड खोलात दाबलेली नसते.

व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडावी. व्हॉल्वचा नट काढावा. चाक गोणपाटावर आडवे ठेवून टाचेने दाबत दोन्ही बाजूंची कड रिंगपासून सोडवावी. कडेला साबणाचे पाणी लावावे. पहिली लिव्हर व्हॉल्वजवळ घालावी, कारण व्हॉल्वच्या ठिकाणी खोलगट भाग अडलेला असतो आणि कड तिथे खाली जात नाही. समोरच्या बाजूला कड गुडघ्याने दाबून धरावी. चार बोटांवर दुसरी लिव्हर, मग पुन्हा चार बोटांवर तिसरी, असे थोडे थोडे पुढे जावे. एक बाजू सुटली की ट्यूब काढावी आणि मग टायर पूर्ण काढावा.

रिंग तपासावी

आता मिळाली तेवढी सवड पुन्हा लवकर मिळणार नाही. रिंगवरची रबरी पट्टी फाटली असेल तर बदलावी. तिच्याखाली स्पोकचे टोक वर आले असेल तर ते कानशीने घासावे. गंज घासून काढावा. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलके टकटक करावे. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावे. खरखर लागली तर बेअरिंग बदलायला झाले. पंक्चर काढून तोच टायर पुन्हा घालायचा असेल तर त्याच्या आतून फडके फिरवावे. बाभळीचा मोडलेला काटा टायरमध्ये तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी नवे पंक्चर करतो. फडके जिथे अडकेल तिथे काटा आहे.

नवा टायर चढवणे

टायरच्या कडेवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरते त्या दिशेला ठेवावा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वजवळ आणावा. टायरची एक कड आधी रिंगवर चढवावी. ट्यूबला टाल्कम पावडर लावून, गोल आकार येईल इतकीच हवा भरून ती आत बसवावी. व्हॉल्व भोकातून काढून नट दोन आटे फिरवावा.

दुसरी कड चढवताना सुरुवात व्हॉल्वच्या समोरून करावी आणि शेवट व्हॉल्वजवळ करावा. पुष्कळसे काम हाताने व टाचेने होते. शेवटची वीतभर कड लिव्हरने घ्यावी लागते आणि नव्या ट्यूबला भोक पडते ते इथेच. लिव्हर फार आत घालू नये. जोर लागू लागला की थांबावे आणि समोरची कड खोलात आहे का ते पाहावे. झाल्यावर व्हॉल्व आत ढकलून बाहेर ओढावा, म्हणजे त्याखाली ट्यूब दबलेली राहत नाही.

थोडी हवा भरून टायर चारी बाजूंनी दाबावा, हवा सोडावी आणि पुन्हा भरावी. ट्यूबच्या घड्या याने निघतात. टायरच्या कडेला एक बारीक रेघ असते. ती रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कमी-जास्त असेल तर हवा सोडून, साबणाचे पाणी लावून पुन्हा भरावी. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापेक्षा जास्त हवा भरू नये. शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला दाब ठेवावा. मागे माणूस किंवा ओझे असताना मागच्या चाकाचा दाब वेगळा आणि जास्त असतो, तो वाचून घ्यावा. व्हॉल्वचा नट करकचून आवळू नये.

चाक बसवताना घाई नको

टायर नीट बसला नाही तर फार तर हवा जाईल. चाक नीट बसले नाही तर जीव जाईल. एकदा मी माझ्या गाडीचा टायर रस्त्यावरच्या एका दुकानात बदलून घेतला. घरी येऊन पाहतो तो ब्रेकच्या दांडीचा बोल्ट नटाविना नुसता अडकवलेला. तो वाटेत निसटला असता तर ब्रेक दाबताच ब्रेकचे झाकण चाकाबरोबर फिरले असते. तेव्हापासून काम कोणीही केलेले असो, चार गोष्टी मी स्वतः पाहतो. आसाचा नट घट्ट आहे का? ब्रेकची दांडी बसली असून तिच्यात नवी स्प्लिट पिन आहे का? चेन ताणण्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का? आणि चेन मधोमध वर-खाली पुस्तिकेत दिली आहे तेवढीच हलते का? त्यानंतर ब्रेक जुळवावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे.

पुढचे चाक काढले असेल तर ब्रेकच्या झाकणावरची खाच फोर्कच्या आतील उंचवट्यात अचूक बसली पाहिजे. ती चुकली तर ब्रेक दाबताच चाक जाम होऊन गाडी उलटते. किलोमीटरची केबलही जागेवर बसवावी.

अंगणात सावकाश चालवून दोन्ही ब्रेक तपासावेत. पहिले काही दिवस नवा टायर गुळगुळीत असतो, म्हणून वळणावर आणि ओल्या रस्त्यावर जपून जावे. दुसऱ्या दिवशी सर्व नट पुन्हा तपासावेत.

हे घरी करू नये

ॲलॉय चाकाचा ट्यूबलेस टायर लिव्हरने काढू नये. रिंगला ओरखडा पडला तर तिथून हवा जात राहते. ते काम यंत्र असलेल्या दुकानातच करावे. डिस्क ब्रेकचे चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. आसाच्या नटाचे आटे गेले असतील तर कसाबसा बसवून गाडी रस्त्यावर नेऊ नये.

जुना टायर गोठ्यामागे टाकून देऊ नये. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास वाढतात. होळीत किंवा शेकोटीतही घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. भंगारवाल्याला द्यावा.

पहिल्या खेपेला या कामात अर्धा दिवस जाईल, तिसऱ्या खेपेला दीड तास पुरेल. तेव्हा येत्या रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी करावी आणि दोन्ही टायर वाकून पाहावेत. नक्षी उंचवट्याला लागली असेल तर पावसाची वाट न पाहता कामाला लागावे.