उतरवून घेतलेल्या फाइलचे नाव

शेलमधील आज्ञावली जालावरून एखादी फाइल उतरवून घेते, तेव्हा पुढील आज्ञांना त्या फाइलचे नाव ठाऊक असावे लागते. हे नाव पत्त्याच्या अखेरच्या अंशावरून ताडण्याची प्रथा रूढ असली, तरी ती निर्दोष नव्हे. अनुज्ञा असल्यास सर्व्हरने ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ या शीर्षकातून सुचविलेले निराळेच नाव फाइलला मिळते. शिवाय त्या नावाची फाइल आधीच असल्यास डब्ल्यूगेट सामान्यतः नव्या फाइलच्या नावास ‘.१’ असा अंक जोडतो. अशा वेळी आज्ञावली निमूटपणे जुनीच फाइल वाचते. शब्दगणना होते, कोष्टके सिद्ध होतात, परंतु ती कालच्या सामग्रीची असतात.

डब्ल्यूगेटच्या निवेदनातून नाव वेचणे हाही भरवशाचा मार्ग नव्हे. ते निवेदन त्रुटिप्रवाहात जाते. आणि संगणकाची भाषा पालटली की त्यातील शब्दही पालटू शकतात. ते वाक्य मनुष्यासाठी रचलेले असते, यंत्रासाठी नव्हे.

कर्लच्या ७.२६.० या आवृत्तीपासून (२०१२) मात्र ‘फाइलनेम_इफेक्टिव्ह’ हे चल उपलब्ध आहे. ‘रिमोट-नेम’ व ‘रिमोट-हेडर-नेम’ या पर्यायांसह ते ‘राइट-आउट’ या पर्यायात दिले असता, फाइलचे प्रत्यक्ष नाव प्रमाण निर्गमात उमटते व तेथून शेलच्या चलात साठविता येते. सर्व्हरच्या नावाचे प्रयोजन नसेल, तर आज्ञावलीनेच नाव आधी नेमून देणे श्रेयस्कर. तत्त्व एकच : नाव ताडू नये, ते स्वतः द्यावे, अथवा ज्याने दिले त्यालाच विचारावे.