मुका सोबती आणि येणारे बाळ

सुनेला दिवस गेल्याची वार्ता घरातील सर्वांना सांगितली जाते; कुत्र्याला वा मांजराला ती कोणी सांगत नाही. तरीही त्यांचे वागणे पालटते. एखादा कुत्रा तिच्या पायाशीच बसून राहतो, आल्यागेल्यावर अधिक भुंकतो. मांजर कधी कुशीत शिरते, तर कधी माळ्यावर दडते.

गर्भारपणात संप्रेरके बदलतात, त्यामुळे अंगाचा गंध बदलू शकतो आणि कुत्र्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. शिवाय तिची चाल, झोप व फिरायला जाण्याच्या वेळा बदलतात. ‘बाळ येणार’ हे प्राण्याला उमगते असे म्हणण्यास आधार नाही. घराची घडी बदलते आहे, हे मात्र त्याला नक्की जाणवते.

अशा वेळी ‘मांजर सोडून या’ असा आग्रह बहुधा आपल्या पिढीकडूनच होतो. भीतीचे कारण खरे आहे. मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा’ या परजीवीचा संसर्ग होऊन गर्भाला इजा पोहोचू शकते. परंतु हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास १ ते ५ दिवस लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोज स्वच्छ करावा. गर्भवतीने नव्हे, घरातील अन्य निरोगी व्यक्तीने, हातमोजे घालून. मांजराला कच्चे मांस देऊ नये. अर्धवट शिजलेले मांस व न धुतलेल्या भाज्या यांतूनही हाच संसर्ग होतो, हे विसरू नये.

कुत्र्याचे रेबीज लसीकरण व जंतनाशक औषध वेळेवर व्हावे. त्याचे फिरणे, खाणे, झोपण्याची जागा यांत करावयाचे बदल प्रसूतीपूर्वी काही महिने हळूहळू करावेत. दवाखान्यातून बाळाचे वापरलेले दुपटे आधी घरी आणून त्याला दुरून हुंगू द्यावे. बाळ आल्यावर त्याला दूर हाकलण्याऐवजी बाळाच्या उपस्थितीत शांत राहिल्याबद्दल खाऊ द्यावा. मात्र प्राणी कितीही गरीब असला, तरी बाळाजवळ त्याला क्षणभरही एकटे ठेवू नये. तो गुरगुरू लागला, तर शिक्षा न करता पशुवैद्यांना दाखवावे.

या साऱ्यात आजी-आजोबांचा वाटा मोठा आहे. सूनबाई बाळंतपणात गुंतलेल्या असताना त्या मुक्या जिवाला ठरल्या वेळी खाऊपिऊ घालणारा आणि पाठीवरून हात फिरवणारा कोणीतरी हवा. तो आपणच व्हावे.