चौकट-दर, संगणकीय

संगणकाच्या पडद्यासाठी दर सेकंदास जितकी नवी चित्रे तयार होतात, त्या संख्येस चौकट-दर किंवा फ्रेम रेट म्हणतात. चित्रपटातील चौकटी आधीच तयार असून त्या सामान्यतः सेकंदास २४ या गतीने दाखवितात. संगणकीय खेळात मात्र पुढील चौकट खेळाडूच्या कृतीवर अवलंबून असल्याने ती त्या क्षणीच रचावी लागते. सेकंदास ६० चौकटी हव्या असल्यास एका चौकटीस सु. १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही मर्यादा ओलांडली गेल्यास हालचाल तुटक दिसते व खेळाडूच्या कृतीला मिळणारा प्रतिसाद लांबतो.

इतिहास : १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीने काढलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात इंटेल ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक होता. त्यातील ५५ शत्रू-आकृती जसजशा नष्ट होत, तसतसे प्रक्रियकाचे काम हलके होऊन उरलेल्या आकृती अधिक वेगाने सरकत. यंत्राची ही मर्यादाच खेळाची चुरस वाढविणारी ठरली. पुढे चित्रणाचे काम स्वतंत्र प्रक्रियकाकडे सोपविण्यात आले. थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ (१९९६) व एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स २५६’ (१९९९) हे या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे होत.

घटकांचा परिणाम : मध्यवर्ती प्रक्रियक वस्तूंच्या हालचाली, टकरी इत्यादींची गणिते करून चित्रणाच्या आज्ञा तयार करतो, आलेखिकी प्रक्रियक त्यांनुसार चित्रबिंदू रंगवितो. दोघांचे काम एकाच वेळी चालत असल्याने जो मंद, त्याच्यावर चौकट-दर ठरतो. उदा., पहिल्यास १२ व दुसऱ्यास २० मिलिसेकंद लागत असल्यास दर ५० राहतो. मध्यवर्ती प्रक्रियक दुप्पट वेगवान बसविला, तरी तो ५० च राहील. आलेखिकी प्रक्रियक दुप्पट वेगवान बसविल्यास मात्र तो सु. ८३ होईल. म्हणून नवा भाग विकत घेण्यापूर्वी अडसर कोठे आहे, हे पाहणे आवश्यक असते. पडद्यावरील चित्रबिंदूंची संख्या कमी करून दर वाढला, तर अडसर बहुधा आलेखिकी प्रक्रियकात असतो. न वाढल्यास तो अन्यत्र शोधावा लागतो. १,९२० × १,०८० ऐवजी ३,८४० × २,१६० चित्रबिंदू घेतल्यास ते चौपट, म्हणजे सु. ८३ लाख होतात.

चित्रणाची स्मृती अपुरी पडल्यास माहिती मुख्य स्मृतीतून वारंवार आणावी लागून चौकटी अडखळतात. साठवण-तबकडीच्या वेगाचा परिणाम मुख्यतः खेळ सुरू होण्याच्या वेळेवर होतो. प्रक्रियक तापल्यास तो स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे सुरुवातीस मिळालेला दर पुढे घटतो.

पडदा व मापन : पडद्याची कंप्रता ६० हर्ट्झ असल्यास त्याहून अधिक चौकटी पूर्णपणे दिसत नाहीत. पडद्याशी मेळ राखून दोनच चित्रसाठे वापरल्यास २० मिलिसेकंदांत तयार होणारी चौकट पुढील फेरीपर्यंत थांबते व दर ५० वरून ३० वर येतो. चौकटींनुसार कंप्रता बदलणारे पडदे २०१३ नंतर प्रचारात आले.

केवळ सरासरी दरावरून यंत्राची योग्यता ठरत नाही. एका सेकंदात ५९ चौकटी पहिल्या अर्ध्या सेकंदात येऊन साठाव्या चौकटीस उरलेला अर्धा सेकंद लागला, तरी सरासरी ६० च भरते. पाहणाऱ्यास मात्र चित्र थिजल्याचे जाणवते. म्हणून प्रत्येक चौकटीस लागलेला वेळ मोजणे अधिक उद्‌बोधक ठरते.