नोटेपेक्षा कागद महाग!

पोस्टर लावायचं म्हटलं की आधी कागद आणावा लागतो. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये लागलेल्या काही पोस्टर्सना मात्र कागद लागलाच नाही. शेजारच्या झिंबाब्वेच्या खऱ्याखुऱ्या नोटा जोडून त्यांवरच मजकूर छापला होता! कागदापेक्षा नोटांवर छापणं स्वस्त पडतं, असं एका पोस्टरवर सरळच लिहिलं होतं. दुसऱ्यावर अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांचे खोचक आभार मानले होते. त्यांच्या कृपेनं पैसा भिंतीला चिकटवायच्या लायकीचा झाला, म्हणून.

यात अतिशयोक्ती नव्हती. सरकारी खर्च भागवण्यासाठी नोटा छापत सुटल्यामुळे झिंबाब्वेतल्या महागाईचा अधिकृत दर जुलै २००८ मध्ये २३ कोटी टक्क्यांवर गेला होता. जानेवारी २००९ मध्ये तर १०० लाख कोटी डॉलरची नोट निघाली. एकावर चौदा शून्यं!

ही पोस्टर्स होती ‘द झिंबाब्वियन’ या वृत्तपत्राची. संपादक विल्फ म्बांगा यांनी आधी सुरू केलेलं ‘डेली न्यूज’ २००३ मध्ये सरकारनं बंद पाडलं. तेव्हा देशाबाहेर राहून त्यांनी २००५ मध्ये हे नवं पत्र काढलं. छपाई दक्षिण आफ्रिकेत आणि तिथून ट्रकनं झिंबाब्वेत. मे २००८ मध्ये असा एक ट्रक वाटेत अडवून साठ हजार अंकांसह जाळण्यात आला. तरी पत्र थांबेना, म्हणून सरकारनं त्यावर चैनीच्या वस्तूंचा ५५ टक्क्यांहून अधिक आयात कर बसवला. वर्तमानपत्र ही चैन! ज्यांच्यासाठी अंक निघायचा, त्यांनाच तो परवडेनासा झाला.

एकच वाट उरली होती. जोहान्सबर्गमध्ये खप वाढवायचा आणि त्या पैशातून मायदेशातल्या वाचकाला अंक स्वस्तात द्यायचा. त्यासाठी जाहिरात हवी. ‘टीबीडब्ल्यूए हंट लास्करिस’ या जाहिरात संस्थेनं मग नोटांचेच फलक केले, भिंती मढवल्या, हातोहात वाटायची पत्रकंही नोटांवर छापली. देश बुडाला असं सांगणारी पोस्टर्स पुष्कळ असतात, पण इथे पुरावाच वाचणाऱ्याच्या हातात पडत होता. त्याच वर्षी कान महोत्सवात या मोहिमेला मैदानी जाहिरातींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

झिंबाब्वे डॉलरचा वापर २००९ मध्येच थांबला. २०१५ मध्ये जुन्या नोटा बदलून दिल्या, तेव्हा १०० लाख कोटींच्या नोटेला मिळाले ४० अमेरिकी सेंट. पुढे नाणी-नोटा जमवणाऱ्या हौशी मंडळींनी याच नोटेला त्याच्या कितीतरी पट किंमत मोजली.