लेप्टो: उंदराला कळतं, आपल्याला कळत नाही

भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. उंदरांच्या मुतातून जिवाणू खाचरात उतरतो आणि पायांच्या भेगांतून आपल्या अंगात शिरतो. उंदीर मात्र तोच जिवाणू मूत्रपिंडात बाळगून खुशाल हिंडतो. 'त्याला सवय झाली' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. फरक बराचसा ओळखण्यात आहे. त्वचेत पहारा देणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशीने परका तुकडा नुसता गिळून भागत नाही. जिवाणूच्या आवरणाची खूण टीएलआर नावाच्या ग्राहीला पटली, की ही पेशी लसिकाग्रंथीकडे निघते, तुकडे एमएचसी रेणूंवर मांडते आणि सीडी 80, सीडी 86 ही संमतीची चिन्हंही दाखवते. ती चिन्हं नसतील तर रोगप्रतिकारक टी-पेशी बहुधा गप्पच. (डेन्ड्रायटिक पेशी शोधणारे स्टाइनमन आणि टीएलआर 4चं काम उलगडणारे बॉयटलर 2011च्या नोबेलचे वाटेकरी होते.)

लेप्टोच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड उंदराचा टीएलआर 4 ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. हा योगायोग असेल, असं कुणी म्हणेल. पण टीएलआर 4 जन्मतः निकामी असलेले प्रयोगशाळेतले उंदीर याच जिवाणूने मरू शकतात. मग माणसं बरी कशी होतात? जिवाणूची लिपोप्रथिनं आपल्या टीएलआर 2ला कळतात. एक दार बंद असलं तरी दुसरं उघडं असतं. राहिला 'इम्युनिटी'चा काढा. तो कितीही कडू असला, तरी त्याने ग्राहीचा आकार बदलत नाही. खाचरात गमबूट घालणं आणि ताप येताच दवाखाना गाठणं त्याहून कामाचं.